तीन हिवाळ्यांचा मळ

मेश्रामताईंच्या घरी चहाला जायचं, तर कपाची परीक्षा होईपर्यंत थांबायची तयारी हवी. त्या कप हातात घेत, कडेला नखानं टिचकी मारत, कान लावत आणि मगच त्यात चहा ओतत. टण्ण वाजला तर पास. जरा बद्द वाजला की कप थेट कचऱ्यात, मग तो कालच आणलेला का असेना. ‘चिनी मातीले खोटं बोलता येत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही तोवर बिस्किटं खात बसायचो.

न्युरेम्बर्गपासून तासाभरावरच्या एका गावात आमची कंपनी आहे. गाव एके काळी कपबश्यांसाठी नावाजलेलं, आम्ही मात्र विजेच्या तारांचे इन्सुलेटर बनवतो. खांबावर तारेच्या खाली बसवलेलं, वाट्यांवर वाट्या उपड्या रचल्यासारखं दिसतं ना, तेच ते. ते नसेल तर तारेतली वीज खांबातून जमिनीत उतरेल आणि खांबाला टेकून उभ्या राहणाऱ्याचं काही खरं नाही. मेश्रामताई हे इन्सुलेटर आखायच्या आणि प्रयोगशाळेत त्यांची चाचणी घ्यायच्या. नागपूरच्या. आखनच्या विद्यापीठात डॉक्टरेट केली आणि मग इथे आल्या त्या इथल्याच झाल्या. मी विक्री विभागात, म्हणजे त्यांनी केलेलं विकायचं काम माझं.

आमची ओळख कँटीनमध्ये झाली. मी फोनवर मराठीत बोलताना ऐकून त्या मागून म्हणाल्या, ‘मी सूप घेऊन आली, तू काय घेऊन राहिली?’ मी सवयीनं म्हणाले, ‘आली नाही, आले.’ त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘पुण्याची काय गं तू?’

‘हो. कसं ओळखलंत?’

‘मी जर्मन शिकली, इंग्रजी शिकली. आता तुझ्यासाठी मराठी बी नव्यानं शिकू काय?’

मीही सूपच घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांची ‘पुणेकर’ आणि त्या माझ्या ताई. जर्मन लोकांशी त्या इतकं स्वच्छ, तोलून-मापून जर्मन बोलायच्या की बँकेतली माणसंसुद्धा सावरून बसायची. मराठी माणूस दिसला की मात्र नागपूर सुरू. त्यात त्यांनी कधी तडजोड केली नाही आणि कुणी करायला सांगायची हिंमतही केली नाही.

टिचकीची ती सवय त्या बाहेरही सोडत नसत. आमचे विभागप्रमुख हेर लांग यांनी एकदा आम्हाला घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या बायकोनं आजीच्या वेळचं सोनेरी काठाचं मोठं सुपाचं भांडं टेबलावर आणून ठेवलं. काय कौतुक त्या भांड्याचं! दोन महायुद्धांतून वाचलेलं म्हणे. आम्ही सगळे ‘आ’, ‘ओ’ करत होतो आणि एवढ्यात टिक! ताईंनी नख मारलं होतं. ‘याच्या पोटात तडा आहे. गरम काही ओतू नका,’ त्या शांतपणे म्हणाल्या. फ्राउ लांग यांचं तोंड असं झालं की मला टेबलाखाली जावंसं वाटलं. पुढं नाताळात त्यांनी त्यात उकळतं सूप ओतलं आणि ते सगळं टेबलक्लॉथवर आलं. सुट्टीनंतर लांग साहेब ताईंच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, ‘तर फ्राउ मेश्राम, माझी बायको म्हणते, पुढच्या वेळी तुम्ही स्वयंपाकाच्या आधीच या.’

आता त्यांच्या इन्सुलेटरविषयी सांगायलाच हवं, कारण ताई म्हणजे तो आणि तो म्हणजे ताई. इन्सुलेटरचं खरं वैर विजेशी नसतं, घाणीशी असतं. धूळ, काजळी, रस्त्यावरचं मीठ हे सगळं त्याच्यावर बसतं. कोरडं आहे तोवर ठीक. धुकं पडलं की ही घाण ओली होते आणि तिच्यावरून वीज सरपटत खाली येते. जुन्या नमुन्यात वाट्यांच्या खालच्या बाजूला खोल खाचा असत. विजेला लांबचा रस्ता पडावा म्हणून त्या केलेल्या, पण तिथं पाऊस पोचत नाही आणि घाण मात्र सुखानं घर करून राहते. ताईंनी त्या खाचाच काढून टाकल्या. वाट्या पसरट, उताराच्या, एक मोठी एक लहान अशा केल्या, म्हणजे वारा आणि पाऊस दोघांनाही आतपर्यंत जाता यावं. ‘घाणीले बसाले पाटच नाही देयाचा,’ एवढ्या एका वाक्यात त्या सगळं समजावून सांगत. मी गिऱ्हाइकांना हेच वीस पानांत समजवायचे आणि तरी ते जांभया द्यायचे.

पण सांगून काय होतं? सिद्ध करायला हवं ना! प्रयोगशाळेत मीठ आणि पांढऱ्या मातीचा लेप देऊन चाचणी करायची पद्धत आहे. ती ताईंनी केलीच. पण त्यांना ती पुरेशी वाटत नव्हती. ‘लेप तर मीच लावला ना? मग तो माझ्याच कलानं वागन. हिवाळा नाही वागत कोणाच्या कलानं.’ म्हणून त्यांनी कंपनीच्या वाहनतळाच्या टोकाला एक लाकडी खांब उभा करवून घेतला. एका बाजूला हमरस्ता, दुसऱ्या बाजूला एका शेतकऱ्याचं शेत. खांबावर तीन जुन्या नमुन्याचे इन्सुलेटर आणि तीन त्यांचे. अंगावरून वीज सोडलेली. आणि मग ताई घाण जमायची वाट बघत बसल्या.

बाई घरी इतकी स्वच्छ की दारात बूट काढताना आपलेच मोजे बघावे लागायचे. पण त्या खांबावरच्या घाणीवर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम. रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी गेली की खूश. शेतकरी शेतात शेणकाल्याचा फवारा मारायला आला की आम्ही नाक दाबून खिडक्या लावायचो आणि ताई कुंपणापाशी जाऊन त्याला विचारायच्या, ‘अजून एकदा कधी मारणार?’ तो बिचारा सुरुवातीला तक्रार समजून माफी मागायचा. मग त्याला कळलं. पुढं तो स्वतःच हात करून कळवायचा.

खरा लढा होता आमच्या हाउसमाइस्टरशी, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या हेर क्राउस यांच्याशी. या माणसाकडे पाण्याचा जोरदार फवारा सोडणारं यंत्र होतं आणि जगात मळलेलं काही उरू नये अशी त्यांची तळमळ होती. काळे पडलेले ते इन्सुलेटर त्यांच्या डोळ्यात सलत. वसंतात ते यंत्र घेऊन बाहेर पडले की ताई सगळं काम टाकून खांबाखाली जाऊन उभ्या. ‘हेर क्राउस, इथून पुढे नाही.’ ‘पण फ्राउ मेश्राम, कसं दिसतं ते!’ ‘गेनाऊ,’ म्हणजे अगदी बरोबर, ताई म्हणायच्या, ‘तसंच दिसायला हवं.’ तीन हिवाळे त्यांनी असा पहारा दिला.

तिसऱ्या हिवाळ्यानंतर एका मोठ्या वीजवाहिनी कंपनीनं लक्ष घातलं. त्यांना एका खोऱ्यातल्या गावांची सगळी जुनी लाइन बदलायची होती. त्यांनी कळवलं, ऑक्टोबरात आमचे लोक येतील, नैसर्गिकपणे मळलेले दोन्ही नमुने शेजारी ठेवून आमच्यासमोर चाचणी करा, पटलं तर तुमचा नमुना घेऊ. न पटलं तर लांग साहेब तो नमुना कपाटात टाकणार हे उघड होतं, कारण वर्षाअखेरीला ताईंची रेंटे सुरू होत होती, म्हणजे निवृत्ती. त्यांच्यामागे त्या इन्सुलेटरसाठी भांडणारं कुणी नव्हतं. ताईंनी मला एकदाच सांगितलं, ‘पुणेकर, तीस वर्षं मी दुसऱ्याच्या आखलेल्या वस्तूंची परीक्षा घेतली. एक माझी वस्तू खांबावर चढलेली पाहिली की मी मोकळी.’

खांबावरून सहाही इन्सुलेटर अलगद उतरवून प्रयोगशाळेच्या मांडणीवर ठेवले. चाचणी दसऱ्यानंतरच्या दिवशी. ताईंनी दसरा आणि आदला दिवस अशी नेहमीची रजा घेतली. अशोक विजयादशमीला त्या दर वर्षी फ्रँकफर्टला जात. तिथं आपली बौद्ध मंडळी हॉल घेतात, वंदना होते, भाषणं होतात आणि ताईंच्या हातची भाजीभाकरी असते. आणि प्रयोगशाळेत आम्ही बाकीचे भारतीय त्याच सुमाराला खंडेनवमी करायचो. चार झेंडू, हळदकुंकू, बर्फी. उदबत्ती मात्र नाही, कारण धुराचा भोंगा वाजला की आगीचा बंब येतो. ताईंनी आमच्या पूजेत कधी भाग घेतला नाही आणि कधी नाकही मुरडलं नाही. बर्फी ठेवलेली असली की परत आल्यावर खायच्या.

त्या वर्षी निखिल कुलकर्णी नवा होता. साताऱ्याचा. चाचणीच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर बघायला आलेला, इन्सुलेटर म्हणजे काय हे त्याला त्याच उन्हाळ्यात कळलेलं. ताईंनी त्याला राहायला खोली शोधून दिली होती, नोंदणीच्या कचेरीत त्याच्याबरोबर जाऊन बसल्या होत्या. ताई म्हणजे त्याचा जीव की प्राण. खंडेनवमीच्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला.

चाचणीच्या दिवशी ताई आल्या तेव्हा मी प्रयोगशाळेतच होते. त्या दारातच थांबल्या. मांडणीवर जुने तीन इन्सुलेटर होते तसे काळेकुट्ट. आणि शेजारी त्यांचे तीन, अहो, आरशासारखे चकचकीत! प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट आणि डोक्यावर झेंडूचं फूल.

खंडेनवमीला मी पूजेला गेलेच नव्हते आणि जे गेले त्यांनी संगणकांना फुलं वाहून बर्फी खाल्ली, मांडणीकडे कोण बघतो?

‘काऊन रे,’ ताई अगदी हळू म्हणाल्या, ‘यायले आंघोळ कोणं घातली?’

‘मी, ताई!’ निखिल आनंदानं पुढे आला. ‘आमच्या वडलांच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला प्रत्येक हत्यार घासून पुसून ठेवतात. म्हटलं, ताईंचा एवढा महत्त्वाचा दिवस, आणि त्यांच्या इन्सुलेटरची काय ही अवस्था! व्हिनेगर लावून घासले. तीन तास लागले.’

जर्मन स्वच्छतेपासून तीन हिवाळे डोळ्यांत तेल घालून वाचवलं आणि शेवटी धुतलं ते आपल्याच पोरानं, तेही भक्तीनं! निखिलला कुणीतरी काय झालंय ते सांगितलं, तेव्हा तो पांढराफटक पडला. ताई खुर्चीवर बसल्या. मला वाटलं आता ज्वालामुखी फुटणार.

‘भैताड,’ त्या म्हणाल्या. मग, ‘पूजा केली याचा राग नाही रे मले. वस्तू माझी होती आणि तू मले विचारलं नाही, याचा राग हाये.’

निखिल मान खाली घालून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं.

एवढ्यात लांग साहेब आले. त्यांना सगळं कळलं आणि त्यांनी जे केलं ते पाहून मी थक्क झाले. ते मांडणीभोवती एक चक्कर मारून आले, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘हं... पण दिसतंय किती छान.’ खरंच होतं ते. एकाच खांबावरचे सहा. तीन काळे, तीन लख्ख. यापेक्षा मोठा पुरावा कोणता? कुंकू पुसलं की झालं. ‘आपण खोटं काही सांगायचं नाही,’ ते म्हणाले. ‘आपण फक्त काही सांगायचंच नाही.’ ताईंनी ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं, झेंडूची फुलं उचलून निखिलच्या हातात दिली आणि त्या तोंड धुवायला गेल्या. विक्री विभागातली बाई म्हणून मला त्या क्षणी लांग साहेबांचं म्हणणं सोन्यासारखं वाटलं. ऑर्डर दारात उभी होती हो!

ती दहा वाजता आलीच. फ्राउ बेक, त्या कंपनीच्या तांत्रिक प्रमुख. उंच, करड्या केसांची, कमी बोलणारी बाई. त्या मांडणीसमोर थांबल्या. एकदा काळे पाहिले, एकदा पांढरे. आणि मग त्या चेहऱ्यावर मी कधी कल्पनाही केली नव्हती असं हसू आलं.

‘एकाच खांबावर? तीन हिवाळे? अविश्वसनीय, फ्राउ मेश्राम!’

मी मनात म्हणत होते, ताई, गप्प बसा. पाया पडते, आज एक दिवस गप्प बसा.

‘अविश्वसनीयच आहे,’ ताई म्हणाल्या, त्याच तोलून-मापून जर्मनमध्ये. ‘कारण ते खरं नाही. हे परवा धुतले गेले. मळ यांच्यावरही होता. जुन्यांपेक्षा कमी होता, पण किती कमी, ते आता मी दाखवू शकत नाही. आजची चाचणी करण्यात अर्थ नाही. माफ करा, तुमची खेप फुकट गेली.’

लांग साहेब छताकडे बघत होते.

‘कुणी धुतले?’ फ्राउ बेकनी विचारलं.

‘माझ्या प्रयोगशाळेत धुतले गेले. जबाबदारी माझी.’

‘मी धुतले!’ मागून निखिल ओरडला. त्याचं जर्मन म्हणजे आनंदच, पण उभा राहिला पठ्ठ्या आणि मोडकंतोडकं सगळं सांगितलं. आमच्याकडे वर्षातून एक दिवस असतो, त्या दिवशी आम्ही आमची हत्यारं धुतो आणि त्यांचे आभार मानतो. मला वाटलं, ताईंचं नशीब चमकेल.

फ्राउ बेकनी त्याच्याकडे बघितलं. ‘हत्यारं धुण्याचा दिवस,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या माणसांना मी हे कित्येक वर्षं सांगतेय.’ मग ताईंकडे वळून, ‘ऑर्डर आज देता येणार नाही. एक हिवाळा अजून. वसंतात परत येईन.’

‘वसंतात मी इथे नसेन,’ ताई म्हणाल्या. ‘पण इन्सुलेटर असतील.’

‘मग राखणार कोण?’ लांग साहेबांचा प्रश्न. त्यात थोडा राग होताच.

ताईंनी निखिलकडे बोट दाखवलं. ‘यानं धुतले, हाच राखेल.’

त्या संध्याकाळी बसथांब्यावर मी त्यांना विचारलं, ताई, का हो? नुसतं हसून मान हलवली असती तरी चाललं असतं. त्या एकदम उखडल्या. ‘बाप्पा! आणि उद्या एखाद्या गावाची लाइन बसली धुक्यात, तर तिथं पण मान हलवू काय? खोट्याले अन् विजेले सारखीच फट पुरते, पुणेकर. आज नाही तर उद्या बाहेर येतेच.’ मग जरा वेळानं त्या म्हणाल्या, ‘माझी छाती अशी दुखून राहिली आहे, तुले काय सांगू.’ मी त्यांचा हात धरला. बस येईपर्यंत आम्ही तशाच उभ्या होतो.

डिसेंबरात त्या निवृत्त झाल्या. केक, फुलं, लांग साहेबांचं भाषण. तुलना बरोबरीची व्हावी म्हणून जुने तीनही धुतले, सहाही इन्सुलेटर पुन्हा खांबावर गेले आणि निखिलनं असा पहारा सुरू केला की ताई परवडल्या असं हेर क्राउस म्हणू लागले. त्यांच्या यंत्राचा आवाज आला की हा पोरगा भर बैठकीतून उठून पळायचा. शेतकऱ्याशी तर त्यानं एवढी दोस्ती केली की फवाऱ्याचा निरोप आता मोबाइलवर यायला लागला. हिवाळाही त्या वर्षी मनासारखा, म्हणजे भयंकर आला. रोज धुकं, रोज मीठ.

वसंतातल्या चाचणीला ताई पाहुण्या म्हणून आल्या. छातीवर पाहुण्यांचा बिल्ला. बंद खोलीत कृत्रिम धुकं सोडलं, निखिल एकेक पायरीनं दाब वाढवत गेला. जुन्या इन्सुलेटरांवर जांभळ्या ठिणग्या तडतडू लागल्या आणि एका दणक्यात पहिला गेला, मग दुसरा, मग तिसरा. ताईंचे तिन्ही टिकले. त्यांच्याही अंगावर मळ होता, जुन्यांच्या तिसरा हिस्साही नसेल. फ्राउ बेकनी ताईंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

ताईंना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्या शरदात. नंतर त्या लेकीकडे आखनला राहायला गेल्या आणि आता भेट फोनवरच होते. खोऱ्यातल्या नव्या लाइनचा पहिला खांब चढत होता. ताई, निखिल आणि मी शेताच्या बांधावर उभे होतो. शिडीच्या गाडीतून एक तरुण लाइनमन वर गेला, त्यानं पिशवीतून इन्सुलेटर काढला, बसवला आणि खिशातलं फडकं घेऊन छान पुसला. ‘नाइन! नाइन!’ नको, नको म्हणून निखिल खालून बोंबलला.

‘पुसू दे रे,’ ताई म्हणाल्या. ‘त्याची परीक्षा झाली. आता तो नोकरीले लागला.’

दुपारपर्यंत त्या तुकड्यातली तार ओढून झाली. लोकांनी गाड्या मागे घेतल्या, मुकादमानं वायरलेसवर काहीतरी विचारलं आणि आमच्याकडे बघून अंगठा वर केला. वीज सोडली होती. मी मान वर करून बघत राहिले. खांब होता तसाच, तार होती तशीच. एक कावळा येऊन तारेवर बसला.

‘ताई, काय झालं?’ मी विचारलं.

‘काहीच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पाह्य ना, काहीच झालं नाही.’ आणि त्या शेतात उभ्या राहून हमसून हमसून रडल्या.